ब्रेक घरी उघडले, आता पेडल खाली का जातंय?

आमच्या जुन्या ४०७ चं, म्हणजे टाटाच्या छोट्या ट्रकचं, पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) जवळ आलं होतं. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला ते दरवर्षी करावं लागतं, आणि आमच्या गाडीने तर विशी कधीच ओलांडलीय. मागच्या डाव्या चाकातून ब्रेक ऑइल झिरपत होतं. आतल्या टायरच्या कडेला काळा ओला पट्टा दिसायचा. एवढ्यासाठी नारायणगावला गाडी नेऊन दिवस कशाला मोडायचा, म्हणून पुतण्याला हाताशी घेतलं. मागची चाकं काढली, दोन्ही व्हील सिलिंडर नवे टाकले. लायनर, म्हणजे ड्रमला घासून गाडी थांबवणारे पट्टे, झिजून रिबिटांपर्यंत आले होते, तेही नवे मारून आणले. ड्रम चढवले, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली, पेडल दाबलं. ते निम्म्याच्याही खाली गेलं.

पुन्हा हवा काढली. मग तिसऱ्यांदा. अर्ध्या लिटरचे तीन डबे रिकामे झाले. शेवटी पेडलचा जोर ऑइलवर टाकणारा मास्टर सिलिंडरच गेला असणार असं स्वतःच ठरवून तोही नवा आणून बसवला. पेडल होतं तिथंच.

संध्याकाळी ओतूरचे एक जुने फिटर आले. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. त्यांनी बॉनेटला हात लावला नाही. सीटवर बसून पेडल एकदा सावकाश दाबलं, सोडलं, मग लागोपाठ दोनदा दाबलं आणि विचारलं, "ड्रम निघत नव्हता म्हणून ॲडजस्टर मागं घेतला होता ना? मग तो परत पुढं कुणी घ्यायचा?"

ॲडजस्टर म्हणजे ड्रम आणि लायनरमधली फट कमी-जास्त करणारा दातेरी भाग. एक मोठा स्क्रूड्रायव्हर आणि वीस मिनिटं, एवढ्यात काम झालं. मास्टर सिलिंडरचे पैसे मात्र गेले ते गेले.

त्या दिवसापासून मी दोन गोष्टी धरून चालतो. दुरुस्तीच्या आधी नसलेला त्रास दुरुस्तीनंतर सुरू झाला, तर आपला हात जिथे लागला तिथे आधी बघायचं. आणि दुसरं, पुढचा पार्ट आणायच्या आधी पेडल काय सांगतंय ते पायाने ऐकायचं. पेडल मऊ लागतं, खोल जातं, सावकाश बुडतं, दगडासारखं लागतं किंवा वर येतच नाही. या पाच तक्रारी वेगळ्या आहेत आणि प्रत्येकीचं कारण वेगळ्या जागी असतं. आपण मात्र पाचही वेळा "हवा राहिली असेल" म्हणतो आणि बाटली घेऊन गाडीखाली शिरतो.

आणखी एक. इथे जे सांगतोय ते ऑइल ब्रेकच्या गाड्यांबद्दल, म्हणजे जुनी ४०७, पिकअप, टेम्पो वगैरे. थांबल्यावर "फुस्स" करणाऱ्या मोठ्या ट्रकांना हवेचे ब्रेक असतात, त्यांचं गणित निराळं. त्यांच्या मागच्या चेंबरमध्ये दाबून भरलेली जबरदस्त स्प्रिंग असते. ती घरी उघडताना सुटली तर माणूस जागेवर जातो. तिथे पाना लावूच नका.

पाच मिलिलिटर हवा

१९८६ मध्ये पुण्यात टेल्कोने ४०७ आणली तेव्हा बाजारात जपानी कंपन्यांशी हातमिळवणी केलेल्या छोट्या ट्रकांची गर्दी होती. त्या गर्दीत ही टिकली, आणि अजून गावोगाव आहे. जुन्या ४०७ ला चारही बाजूंना ड्रम ब्रेक आणि पायाचा जोर वाढवायला व्हॅक्युम बूस्टर. रचना साधी. पायाचा जोर मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर पडतो, तिथून ऑइल नळ्यांमधून चाकांकडे ढकललं जातं, चाकातल्या सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतात आणि शू, म्हणजे लायनर मारलेल्या कमानी, ड्रमला चिकटतात. इंजेक्शनच्या दोन सिरिंज पाणी भरून नळीने जोडल्या आणि एक दाबली की दुसरी बाहेर येते, तसंच.

सोयीसाठी गोल आकडे घेऊ. मास्टर सिलिंडरचा व्यास एक इंच, म्हणजे पिस्टनचं तोंड साधारण पाच चौरस सेंटिमीटर. पेडलची तरफ पाचपट धरू. म्हणजे पाय पाच सेंटिमीटर खाली गेला की आतला पिस्टन एक सेंटिमीटर सरकतो आणि पाच मिलिलिटर ऑइल पुढे जातं. पेडलची सगळी चाल पंधरा सेंटिमीटर असेल, तर तुमच्या हातात एकूण पंधरा मिलिलिटर ऑइल आहे. खोकल्याच्या औषधाचे तीन चमचे. एवढ्यात चारही चाकं थांबवायची आहेत.

आता नळीत पाच मिलिलिटर हवा राहिली समजा. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. वीस पट दाबाखाली तो बुडबुडा पाव मिलिलिटरचा होतो. उरलेले पावणेपाच मिलिलिटर ऑइल बुडबुडा दाबण्यातच खर्च होतं. म्हणजे पेडल जवळजवळ पाच सेंटिमीटर फुकट खाली जातं. पाय उचलला की बुडबुडा फुगतो आणि पेडल परत ढकलतो. फुगा तुडवल्यासारखं लागतं ते यामुळे.

आणि आमच्या ॲडजस्टरचं? शू आणि ड्रममधली फट गरजेपेक्षा एकच मिलिमीटर जास्त राहिली होती असं धरा. शूचं एक टोक बांधलेलं असल्याने पिस्टनला दुप्पट, म्हणजे दोन मिलिमीटर बाहेर यावं लागतं. मागे चार पिस्टन, प्रत्येकाचं तोंड आठ चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला तर सहा मिलिलिटरपेक्षा थोडं जास्त. पेडलवर सहा सेंटिमीटर! हवेचा एक थेंबही आत नसताना पेडल हवा राहिल्यासारखंच खोल गेलं. मी दीड लिटर ऑइल ओतलं तरी फरक कसा पडणार होता?

मामांनी लागोपाठ दोनदा पेडल का दाबलं ते इथे कळतं. फट जास्त असेल तर पहिल्या दाबात शू ड्रमपर्यंत पोचतात. स्प्रिंगने ते पूर्ण मागे यायच्या आत दुसरा दाब दिला की मास्टरवरच्या टाकीतलं जास्तीचं ऑइल भरतीला येतं, आणि पेडल वर येऊन *घट्ट* लागतं. हवा असेल तरी पेडल वर येतं, पण पायाखाली *उसळत* राहतं. वर येऊन घट्ट लागलं तर ॲडजस्टर बघा, वर येऊन मऊच राहिलं तर हवा. इतकं साधं आहे, आणि मला ते त्या संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं.

ॲडजस्ट करताना चाक हाताने फिरवत राहा. अजिबात फिरेना इतपत पुढे घ्या, पेडल एकदा जोरात दाबून शू मधोमध बसू द्या, मग चाक मोकळं फिरेल आणि लायनरचा हलका खस्‌ खस्‌ आवाज येईल इतपत मागे घ्या. डावं-उजवं सारखं करा. हँडब्रेकची केबल आधी ढिली करायची आणि सगळ्यात शेवटी ओढायची. केबल ताणलेली असताना ॲडजस्ट केलं तर शू आधीच अर्धवट उघडलेले असतात आणि सगळं माप चुकतं.

हवा निघत का नाही

पेडल खरंच उसळत असेल तर हवा आहे, आणि ती काढायलाच हवी. दोन माणसं लागतात. एक सीटवर, एक खाली. निपलवर (चाकाच्या सिलिंडरवरची हवा सोडायची बारीक तोटी) पारदर्शक नळी घाला आणि तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं ठेवा, म्हणजे उलटी हवा ओढली जात नाही. आमच्याकडे आरोळ्या ठरलेल्या आहेत. मी खालून "दाब" म्हणतो, पुतण्या वरून "धरलंय काका" म्हणतो, मी निपल पाव आटा उघडतो. नळीतून आधी फेसाळ, मग लहान बुडबुड्यांचं ऑइल येतं. निपल बंद केल्याशिवाय मी "सोड" म्हणत नाही. घोळ नेहमी या शेवटच्या शब्दापाशी होतो. निपल उघडा असताना वरच्याने पाय उचलला की जेवढी हवा काढली तेवढी परत आत.

साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात आणि जवळ येत जातात. टाकीकडे लक्ष ठेवा. ऑइल तळाला गेलं की वरूनच हवा शिरते, मग पहिल्यापासून सगळं.

तरीही हवा संपत नसेल तर काही जागा हमखास निघतात. पहिली जागा खुद्द मास्टर सिलिंडर. नवा बसवताना तो बाकड्यावर ऑइलने भरून, आतली हवा काढून मग गाडीवर चढवायचा असतो. तसं केलं नाही तर आतला बुडबुडा चाकापर्यंत जातच नाही, तिथेच पुढेमागे हलत बसतो. दुसरी, निपलची दिशा. हवा वर जाते, म्हणून निपल सिलिंडरच्या वरच्या अंगाला हवा. पुढे डिस्क असलेल्या पिकअपमध्ये डावं कॅलिपर, म्हणजे डिस्कला आवळणारा भाग, उजवीकडे बसवलं की निपल खाली येतो. मग दिवसभर हवा काढा, बुडबुडा वर आरामात बसून असतो. काही गाड्यांत पुढच्या प्रत्येक ड्रममध्ये दोन सिलिंडर असतात. तिथे दोन्ही मोकळे झालेत का ते पाहावं लागतं.

तिसरी जागा लोकांना सहसा माहीत नसते. काही गाड्यांना मागच्या ॲक्सलजवळ दांडी जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. गाडीत माल किती आहे हे तो स्प्रिंगच्या पाट्यांच्या दबण्यावरून ओळखतो आणि रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकांना कमी दाब सोडतो, म्हणजे मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरत नाही. तुम्ही चेसिस उचलून ॲक्सल खाली लोंबता ठेवलात तर त्याला वाटतं गाडी एकदम रिकामी आहे, आणि तो मागचा रस्ताच आवळतो. मग मागे ऑइल नीट येत नाही. घोडी, म्हणजे गाडीला टेकू द्यायचा स्टँड, ॲक्सलखाली लावा, म्हणजे पाटे आपल्या जागी राहतील.

सावकाश बुडणारं पेडल

इंजिन चालू ठेवून पेडल मध्यम जोराने दाबून धरा. घड्याळात अर्धा मिनिट. पेडल तिथेच राहिलं पाहिजे. हळूहळू फरशीकडे निघालं तर दाब कुठून तरी निसटतोय. हवेच्या पेडलपेक्षा हे जास्त धोक्याचं आहे, कारण सिग्नलला उभं राहताना ब्रेक चांगला वाटतो आणि दहा सेकंदांनी गाडी पुढे सरकते.

आधी बाहेर बघा. प्रत्येक जोडावर सुका कापड फिरवा. उघडलेल्या नळीचा नट, निपल, होज पाइपचं तोंड, तांब्याचे वॉशर. जुने वॉशर एकदा दबून बसलेले असतात; तेच परत लावले की घाम फुटल्यासारखं ऑइल येतं. चार रुपयांची वस्तू आहे, नवी घ्या. नट गळतोय म्हणून टेफ्लॉन टेप गुंडाळणं मात्र मूर्खपणा आहे. तिथे आट्याने नाही, नळीच्या पसरट केलेल्या तोंडाने गळती थांबते. तोंड चिरलं असेल तर नळी नवीच लागते. आणि ब्रेकची नळी तुटली म्हणून गॅसवेल्डिंगवाल्याकडून झाळून आणू नका. मी पाहिलंय असं केलेलं.

बाहेर सगळं कोरडं असेल आणि टाकीतलं ऑइलही कमी होत नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतल्या वाट्या, म्हणजे रबरी कप, ऑइल सोडतायत. खात्री करायची सोपी पद्धत आहे. मास्टरच्या नळ्या काढून तोंडांना योग्य आट्याचे बंद नट लावा आणि पेडल दाबा. वरच्या वर दगडासारखं थांबलं तर मास्टर निर्दोष, दोष पुढे कुठेतरी. तरीही बुडलं तर मास्टर. मी हे पंधरा मिनिटांचं काम केलं असतं तर माझे पैसे वाचले असते.

ऑइल कमी होतंय पण कुठेच ओलं नाही, अशी तक्रार असेल तर मास्टर आणि बूस्टरच्या जोडात बघा. मागचा कप गेला की ऑइल बूस्टरच्या पोटात साठतं.

आता एक कोडं. आधी ठणठणीत असलेला मास्टर नेमका घरी हवा काढल्यावर का जातो? इतकी वर्षं रोजच्या ब्रेकला पिस्टन सिलिंडरच्या पहिल्या निम्म्या भागातच फिरलेला असतो. तेवढाच भाग घासून गुळगुळीत. पुढच्या भागात गंज आणि गाळ. हवा काढताना आपण पेडल थेट फरशीला टेकवतो, आणि जन्मात तिकडे न गेलेले रबरी कप त्या खरखरीत भागावरून घासले जातात. म्हणून जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा गुटका ठेवायचा आणि पाय सावकाश दाबायचा.

डिझेलने धुतलेलं रबर

आपल्याकडची सगळ्यात महागाची चूक हीच. फिटर काय, आपण काय, कुठलाही पार्ट काढला की तो डिझेलच्या घमेल्यात जातो. इंजिनला चालतं, ब्रेकला नाही. ब्रेकच्या रबराला खनिज तेल सोसत नाही. डिझेल, पेट्रोल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस, कशानेही ते फुगतं. पहिल्या दिवशी काही कळत नाही. आठवड्याने कप फुगून सिलिंडरमध्ये अडकतो आणि चाक धरून राहतं. ब्रेकचे आतले भाग ताज्या ब्रेक ऑइलने किंवा स्पिरिटने धुवायचे, आणि बसवताना रबराला ब्रेक ऑइलच लावायचं.

टाकीत चुकून इंजिन ऑइल पडलं असेल तर नुसतं ओतून काढून भागत नाही. मास्टर, व्हील सिलिंडर, होज, जिथे रबर आहे तिथलं सगळं बदलावं लागतं. टाकीच्या झाकणाखालचं रबर सुजून वेडंवाकडं झालेलं दिसलं, तर समजा कुणीतरी हा प्रताप करून ठेवलाय.

ऑइलचा नंबरही बघून घ्या. डॉट ३ आणि डॉट ४ एकाच जातीचे, मिसळले तरी चालतं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळायचं नाही. आणि डॉट ५.१ नावाने डॉट ५ सारखं वाटलं तरी ते डॉट ३-४ च्याच घराण्यातलं. ही नावं ठेवणाऱ्याला काय म्हणावं!

कपाटात वर्षभर उघडा पडलेला अर्धा डबा वापरू नका. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, कोकणातल्या मिठासारखं. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं. त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की मानकाप्रमाणे मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. हे आकडे घाटात कळतात. पाच टनांची गाडी ३०० मीटर उंची उतरली तर तिला थोपवताना जेवढी उष्णता निघते, तेवढ्यात सुमारे ४४ लिटर पाणी साध्या तापमानावरून उकळीला येईल. गियरमध्ये उतरलात तर त्यातला बराच भार इंजिन घेतं. न्यूट्रलमध्ये सोडलीत तर जवळपास सगळा भार ड्रमवर. माळशेज उतरताना ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दाबली जाते. वर घट्ट असलेलं पेडल खाली येईस्तोवर फरशीला. गाडी थंड झाल्यावर सगळं पूर्ववत, आणि गॅरेजमध्ये कुणाला काही सापडत नाही.

दगडासारखं पेडल, गाडी थांबत नाही

इथे ऑइलचा संबंध बहुधा नसतो. मदतनीस गेलाय, म्हणजे बूस्टर. डिझेल इंजिनाला बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्युम पंप लागतो. बऱ्याच गाड्यांत तो आल्टरनेटरच्या पाठीवर असतो. म्हणून आल्टरनेटर काढून बसवल्यानंतर ब्रेक जड झाले तर चक्रावून जाऊ नका. पंपाची ऑइलची किंवा व्हॅक्युमची नळी तपासा.

परीक्षा सोपी. इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा दाबा, घट्ट होईल. तसंच दाबून ठेवून इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली सरकलं पाहिजे. नाही सरकलं तर व्हॅक्युम पोचत नाही किंवा बूस्टरचा पडदा फाटलाय. नळी बदलताना बाजारातली साधी रबरी नळी घातली असेल तर ती आत ओढली जाऊन चपटी होते. बाहेरून नवीकोरी दिसते. नळीतला एकेरी व्हॉल्व्ह उलटा बसवणं हाही आपलाच पराक्रम.

डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की बूस्टरमधल्या साठ्यात एखाद-दुसरा ब्रेक असतो. पुढचा ब्रेक निव्वळ मांडीच्या जोरावर.

ब्रेक धरून राहतो

गाडी जड चालते, एका चाकातून करपल्याचा वास येतो. कुठलं चाक ते शोधायला ड्रमला हात लावू नका, भाजेल. पाच किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरत चालवा, थांबा, प्रत्येक हबवर बोटांनी पाण्याचे दोन-चार थेंब शिंपडा. तव्यावरच्यासारखे चुरचुरले ते चाक.

मग ते चाक उचला आणि वरून खाली या. ही क्रमवारी मला फार आवडते, कारण तिच्यात अंदाजाला जागाच नाही. चाक फिरत नसताना मास्टरकडचा नट जरा ढिला करा. चाक सुटलं तर दाब मास्टरमध्ये अडकला होता. नाही सुटलं तर चाकावरचा निपल उघडा. आता सुटलं तर मधला रबरी होज आतून सुजलाय. पाय दाबतो तेव्हा ऑइल जोराने घुसतं, पण स्प्रिंगच्या जोरावर परत येऊ शकत नाही. बाहेरून होजला भेगही नसते. आणि निपल उघडूनही चाक हललं नाही, तर ऑइलचा दोषच नाही. शू अडकलाय, स्प्रिंग उलटी लागलीय, केबल ताणलीय किंवा ॲडजस्टर फार पुढे गेलाय.

मास्टरमध्ये दाब का अडकतो, तर बहुतेकदा आपण पुशरॉड, म्हणजे पेडलकडून पिस्टनला ढकलणारी दांडी, लांब ठेवतो म्हणून. पाय उचलल्यावर पिस्टन पूर्ण मागे येऊन टाकीकडचं बारीक छिद्र उघडायला हवं. रॉड त्याला थोडासा जरी ढकलून असेल तर छिद्र बंदच राहतं. सकाळी थंड गाडी नीट चालते. ऑइल तापून फुगलं की परत जायला वाट नाही, मग चारही ब्रेक आपोआप आवळत जातात. टाकीचं झाकण काढा आणि दुसऱ्याला पेडल अगदी हलकं दाबायला सांगा. ऑइलच्या पृष्ठभागावर बारीक उसळी दिसली तर छिद्र मोकळं आहे. पेडलला दाब लागण्याआधी थोडी मोकळी चाल ठेवायचीच.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर फार लांब जाऊ नका. ज्या बाजूला ओढते तिकडचा ब्रेक चांगला लागतोय, पलीकडचा कमी. पलीकडच्या लायनरला ग्रीसचा हात लागलाय, हबचं ऑइलसील गळतंय, सिलिंडर अडकलाय किंवा ॲडजस्टमेंट कमी-जास्त झालीय. तेलात भिजलेला लायनर पॉलिश पेपरने घासून वाचत नाही. तापला की पोटातलं तेल परत वर येतं. दोन्ही बाजूंचे लायनर जोडीनेच बदला. आणि ड्रममधली काळी धूळ काँप्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचं, ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा.

रस्त्यावर काढण्याआधी

जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जाऊ नका. घोडी आणि खाली राहिलेल्या चाकांना दोन्हीकडून दगड. सगळं बसवून झाल्यावर इंजिन चालू करून तीन-चारदा पेडल दाबा. मी सगळं लावून न दाबता गाडी मागे घेतली होती, गोठ्याची भिंत मध्ये आली म्हणून बरं. मग अर्ध्या मिनिटाची परीक्षा, मग परत प्रत्येक जोडावर कापड. अंगणात पायी चालण्याच्या वेगाने, एक हात हँडब्रेकवर. मग मोकळा सपाट रस्ता, रिकामी गाडी. माल आणि घाट त्यानंतर.

पेडल बुडत असेल, पोलादी नळी गंजून खपल्या धरत असेल किंवा एकच दोष तीनदा शोधूनही सापडत नसेल, तर गाडी टोचण लावून, म्हणजे दुसऱ्या गाडीने ओढून, फिटरकडे न्या. ब्रेक नसलेली गाडी दोराने ओढून नेणं म्हणजे पुढच्या गाडीच्या पाठीत आपली गाडी घालणं. कडक दांडी लावा किंवा दुसऱ्या गाडीवर चढवून न्या.

नवे लायनर पहिल्या दिवशी कमीच धरतात. ड्रमचा गोलावा आणि लायनरचा गोलावा एक व्हायला वेळ लागतो, तोवर काही भागच टेकतो. तो घासून बसला की फट पुन्हा वाढते आणि पेडल पुन्हा थोडं खाली येतं. आम्ही त्या आठवड्यात टोमॅटोच्या चार खेपा केल्या, मग रविवारी परत मागची चाकं उचलली. डाव्या बाजूचा ॲडजस्टर तीन दाते पुढे घ्यावा लागला, उजवीकडचा दोन.